बाळ कण्हतंय आणि आपण एक्स-रेची वाट पाहतोय

प्रति,
नवजात शिशू विभागांची धोरणं, यंत्रखरेदी आणि नेमणुका ठरवणारे सर्व अधिकारी व रुग्णालयप्रमुख

महोदय, महोदया,

मी नवजात अतिदक्षता विभागात काम करणारी परिचारिका आहे. नोकरीतली बहुतेक वर्षं दीड किलोच्या आतल्या बाळांजवळ गेली. आमच्या रुग्णालयात अलीकडे एक आदेश निघाला. कमी वजनाच्या बाळाला सी-पॅप, म्हणजे नाकातून सतत हलक्या दाबाने हवा देणारं यंत्र, लावायचा असेल तर आधी बाळ नवजात विभागात दाखल करायचं, मग छातीचा एक्स-रे काढायचा आणि डॉक्टरांची लेखी सही मिळाल्यावरच यंत्राला हात लावायचा. त्याच आदेशात नवजात विभागातल्या सिस्टरनाही इतर वॉर्डांप्रमाणे दर तीन महिन्यांनी फिरवायचं ठरलं आहे. आम्ही हरकत नोंदवली. ‘यथावकाश विचार करू’ असं उत्तर आलं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला यथावकाश परवडत नाही, म्हणून हे उघड लिहिते आहे. रुग्णालयाचं नाव मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की चर्चा नावाचीच होते, आणि असले आदेश काढणारं आमचं रुग्णालय एकटं नसणार.

ज्यांच्या सहीने हे आदेश निघतात, त्यांतल्या अनेकांनी असं बाळ पहिल्या दहा मिनिटांत जवळून पाहिलेलं नसतं. त्यात त्यांचा दोष नाही. पण तक्रारी मांडण्याआधी तेवढं सांगणं भाग आहे.

१५०० ग्रॅमच्या आतलं बाळ बहुधा ३२ आठवड्यांच्या आसपास किंवा त्याआधी जन्मलेलं असतं. फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांना आतून सर्फॅक्टंट नावाचा एक स्निग्ध थर असतो. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. तो नसेल तर श्वास सोडला की पिशव्या मिटतात आणि त्यांच्या भिंती एकमेकींना चिकटतात, ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंड चिकटावं तशा. त्या पुन्हा उघडायला पुढच्या श्वासाला तितकाच जोर लावावा लागतो, मिनिटाला साठ-सत्तर वेळा, आणि तेही मऊ बरगड्यांच्या एक-सव्वा किलोच्या शरीराला. अशा प्रत्येक उघडझापीत पिशवीच्या भिंतीला इजा होते, तिथून प्रथिनं झिरपतात आणि जो काही थोडा सर्फॅक्टंट असतो तोही निकामी होतो. तासाभरापूर्वी थोड्या आधारावर निभावलं असतं असं फुप्फुस तासाभरानंतर तेवढ्यावर निभावत नाही, ते यामुळे.

बाळ या काळात गप्प नसतं. ते कण्हतं. नवखा माणूस त्याला रडणं समजतो. खरं तर श्वास सोडताना बाळ गळ्यातला मार्ग अर्धवट मिटून घेत असतं, म्हणजे थोडी हवा आत अडकून राहावी आणि पिशव्या पुरत्या मिटू नयेत. नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, छातीच्या हाडाखाली खळगा पडतो. हे डोळ्यांना दिसतं आणि कानांना ऐकू येतं. १९५६ पासून त्यासाठी सिल्व्हरमन-अँडरसन गुणांकन आहे: पाच गोष्टी पाहायच्या, प्रत्येकीला ० ते २ गुण द्यायचे आणि बेरीज करायची. त्याला वीज लागत नाही आणि फिल्मही लागत नाही.

बाळ कण्हून जे करायला पाहतं, तेच सी-पॅप बाहेरून करतो. नाकात दोन छोट्या मऊ प्रॉंग्ज, म्हणजे नळीची टोकं, त्यातून ऊबदार, दमट हवा, आणि श्वास सोडतानाही टिकून राहणारा ५ ते ८ सेंटिमीटर पाण्याइतका दाब. बबल सी-पॅपमध्ये तर श्वास बाहेर पडायच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत जितकं खोल, तितका दाब. श्वास बाळ स्वतःच घेतं. आपण फक्त त्याची मेहनत वाया जाऊ देत नाही.

यातलं काहीच नवं नाही आणि मला चीड येते ती याचीच. १९५९ मध्ये मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं की अशा बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट कमी असतो. चार वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक दिवस भरायच्या आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो. आजच्या चांगल्या नवजात विभागात एवढ्या वजनाचं बाळ बहुतेक वेळा घरी जातं. ते ३९ तासांत गेलं. हवं ते मिळवू शकणाऱ्या घराला तेव्हा मिळवण्यासारखं फारसं काही नव्हतंच. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी सतत दाबाचा हा उपाय २० बाळांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांतली १६ जगली. १९८७ मध्ये एव्हरी यांनीच आठ केंद्रांची तुलना केली. फुप्फुसाचा जुनाट आजार सगळ्यांत कमी होता तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या विभागात, जिथे बाळांना लवकर नाकातून सी-पॅप लावायची पद्धत होती. म्हणजे अर्धशतकाहून जुना, साधा उपाय. आणि आम्ही अजून त्यासाठी सही मागतो.

आता तक्रारी.

पहिली तक्रार वेळेची. सी-पॅप उपयोगी की लगेच श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर, यावर मोठ्या चाचण्या झाल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २५ ते २८ आठवड्यांची ६१० बाळं होती, २०१० च्या चाचणीत २४ ते २७ आठवड्यांची १३१६. पहिल्या चाचणीत बाळाला कोणत्या गटात घालायचं हे जन्मानंतर पाचव्या मिनिटाला ठरत होतं, दुसरीतही सी-पॅपची सुरुवात प्रसूतिगृहातच होत होती. एकेकट्या चाचणीत मृत्यू आणि जुनाट फुप्फुसविकार यांच्या एकत्रित आकड्यात निर्णायक फरक दिसला नाही. पण अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दिसलं की प्रसूतिगृहात नळी घालण्याऐवजी नाकातून सी-पॅप दिला, तर दर २५ बाळांमागे एक जास्तीचं बाळ गर्भवयाच्या ३६ आठवड्यांपर्यंत जुनाट फुप्फुसविकाराशिवाय पोहोचतं. पंचवीसात एक हा आकडा कागदावर छोटा दिसतो. आमच्या विभागात अशी पंचवीस बाळं यायला फार दिवस लागत नाहीत.

हा सगळा पुरावा पहिल्या काही मिनिटांत सुरू केलेल्या सी-पॅपचा आहे. बाळ लिफ्टने वर आल्यावर, वजन आणि नोंदणी झाल्यावर, एक्स-रेचं यंत्र मोकळं झाल्यावर आणि सही मिळाल्यावर सुरू केलेल्या सी-पॅपचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींतही दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत: श्वसनत्रासाची लक्षणं असलेल्या अकाली बाळाला सी-पॅप द्यावा; आणि ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला, त्रास दिसत असो वा नसो, जन्मानंतर लगेच सी-पॅप देण्याचा विचार करावा. दुसरी शिफारस सशर्त आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिचा रोख ‘लगेच’ याकडे आहे, ‘एक्स-रेनंतर’ याकडे नाही. एक्स-रे निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. फुप्फुसाभोवती हवा साठली आहे का, नळी जागेवर आहे का, हे त्यात कळतं. तो काढावा, पण सी-पॅप चालू असताना.

एक बाळ सांगते. अकराशे ग्रॅमच्या आतलं, जन्मतः चांगलं ओरडलेलं. लेबर रूममध्ये टी-पीस, म्हणजे मास्कमधून सतत दाब देणारं उपकरण, नव्हता. हाताने दाबायची अँबू बॅग होती, पण ती दाबाल तेव्हाच हवा जाते आणि हात सैल सोडला की दाब शून्य. स्वतः श्वास घेणाऱ्या बाळाला तिचा सततचा आधार मिळत नाही. म्हणून चेहऱ्याजवळ ऑक्सिजनची नळी धरून, कापडात गुंडाळून बाळ वर आणलं. आलं तेव्हा अंग गार आणि कण्हणं दारातून ऐकू येत होतं. सी-पॅपचं यंत्र वॉर्मरशेजारी तयार उभं होतं. एक्स-रे आला, सही आली, तोवर कण्हणं थांबलं होतं. थकलेल्या बाळाचं कण्हणं थांबतं तेव्हा नातेवाइकांना हायसं वाटतं आणि आमच्या पोटात गोळा येतो. त्याला नळी घालावी लागली, व्हेंटिलेटर बरेच दिवस चालला, घरी गेलं ते ऑक्सिजन सोबत घेऊन. आधी सी-पॅप मिळाला असता तर हे टळलं असतंच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. त्याला ती संधी मिळाली नाही, एवढं मात्र सांगू शकते.

दुसरी तक्रार ऑक्सिजनची. ‘सी-पॅप नाही तर नाही, ऑक्सिजन तर चालू आहे ना?’ हा प्रश्न मी वरिष्ठांच्या तोंडून ऐकला आहे. हूडमधला, म्हणजे बाळाच्या डोक्यावर ठेवलेल्या पारदर्शक डब्यातला, ऑक्सिजन दाब देत नाही. मिटलेल्या पिशवीबाहेर कितीही ऑक्सिजन उभा केला तरी तो आत जाणार कुठून? मग सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, वाढावं म्हणून ऑक्सिजन वाढवला जातो, हवा आणि ऑक्सिजन हव्या त्या प्रमाणात मिसळणारा ब्लेंडर नसेल तर थेट शंभर टक्के. एकोणीसशे चाळीस-पन्नासच्या दशकांत मोकळ्या हाताने दिलेल्या ऑक्सिजनने जगभरात सुमारे दहा हजार बाळांची दृष्टी घेतली. पुढे घाबरून ऑक्सिजन फारच आवळला, तेव्हा बाळं दगावली. अलीकडच्या मोठ्या चाचण्यांनीही तेच दाखवलं: सॅच्युरेशनचं लक्ष्य ८५-८९ ठेवलं तर डोळ्यांचा आजार कमी होतो पण मृत्यू वाढतात. म्हणून आज अशा बाळांचं सॅच्युरेशन साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवतात. जन्मल्याबरोबर तेवढंही अपेक्षित नसतं. पाचव्या मिनिटाला ८०-८५ हे योग्यच आहे, आणि सुरुवात २१ ते ३० टक्के ऑक्सिजनने करायची असते. इतक्या अरुंद पट्टीत चालायचं तर ब्लेंडर आणि उजव्या हाताला पल्स ऑक्सिमीटर लागतो. खरेदीच्या यादीत यंत्र असतं, ब्लेंडर ‘पुढच्या टप्प्यात’ असतो. ब्लेंडरविना यंत्र घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की तो पुढचा टप्पा आधी घ्या.

तिसरी तक्रार माणसांची. माझ्या मते बाकीच्या सगळ्या तक्रारी हिच्यापोटी येतात.

यंत्र आलं की फोटो निघतो, फीत कापली जाते. ते यंत्र रात्री तीन वाजता काय मागतं, ते ऐका. प्रॉंग्ज बाळाच्या नाकपुडीच्या मापाच्या हव्यात. लहान असल्या तर हवा गळते, आत ढकलल्या तर दोन नाकपुड्यांमधला पडदा दाबला जातो. आधी तो लाल होतो, मग काळवंडतो, आणि लक्ष गेलं नाही तर झडतो. नाकाची ती जखम मूल आयुष्यभर वागवतं. नळ्या धरून ठेवणारी टोपी घट्ट हवी, पण डोक्यावर वळ उठेल इतकी नाही. बाळाने तोंड उघडं ठेवलं की दाब तोंडातून निघून जातो. बाटलीतले बुडबुडे थांबले तर गळती कुठे आहे ते शोधायचं: प्रॉंग्ज, टोपी, सांधा की तोंड. बुडबुडे येत आहेत म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. नळ्यांत साठलेलं पाणी बाटलीत उतरतं, पातळी चढते, आणि आपण पाच समजून बसलेला दाब सात झालेला असतो. हवा दमट करणारा ह्युमिडिफायर कोरडा पडला तर नाकातला शेंबूड सुकून खपली धरते आणि वाट बंद. पोटात हवा भरते, म्हणून तोंडातून पोटात घातलेली नळी उघडी आहे ना ते पाहायचं. सॅच्युरेशन अचानक घसरलं आणि छातीची एक बाजू कमी हलताना दिसली, तर फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची शंका त्याच क्षणी यायला हवी. वर उल्लेखलेल्या २००८ च्या चाचणीत सी-पॅप गटातल्या ९ टक्के बाळांना हे झालं, नळीच्या गटात ३ टक्क्यांना. त्यांनी ८ सेंटिमीटरच्या दाबाने सुरुवात केली होती, हेही खरं. पण धोका आहे, आणि तो वेळेत ओळखतो तो माणूस.

हे सगळं पुस्तकात वाचून येत नाही, दोन दिवसांच्या कार्यशाळेतही येत नाही. कार्यशाळेच्या प्रमाणपत्राला मी नावं ठेवत नाही, माझ्याकडेही आहेत. पण कण्हण्याचा सूर बदलला हे कानाला कळायला अनुभवी सिस्टरच्या शेजारी उभं राहून बऱ्याच शिफ्ट काढाव्या लागतात. तीन महिन्यांत एखादी मुलगी जेमतेम तयार होते आणि त्याच दिवशी तुम्ही तिला शस्त्रक्रियेच्या वॉर्डात पाठवता. तिच्या जागी आलेली हुशार असते, कष्टाळू असते, आणि तिने प्रॉंग्ज कधी हातातही घेतलेल्या नसतात.

मलावीतले दोन अनुभव आपण शेजारी ठेवून वाचावेत. ब्लँटायरच्या मध्यवर्ती रुग्णालयातला २०१४ चा अभ्यास: स्वस्त बबल सी-पॅप मिळालेल्या नवजातांपैकी ७१ टक्के जगली, फक्त ऑक्सिजन मिळालेल्यांपैकी ४४ टक्के. दीड किलोच्या आतल्या बाळांत हा फरक ६५.५ विरुद्ध १५.४ टक्के होता. अभ्यास छोटा, बाळांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, तरी आकड्यांकडे पाठ फिरवता येत नाही. दुसरा अनुभव २०१९ चा, त्याच देशातल्या एका जिल्हा रुग्णालयातला. तिथे रुग्ण वेगळे होते: एक महिना ते पाच वर्षं वयाची, गंभीर न्यूमोनियाची मुलं. रोज डॉक्टरांची देखरेख नव्हती. बबल सी-पॅप गटात १७ टक्के मुलं दगावली, साध्या ऑक्सिजनच्या गटात ११ टक्के. वय वेगळं, आजार वेगळा, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याला लावता येणार नाही. पण जिथे पुरेसे डोळे आणि हात नाहीत, तिथे तेच यंत्र जीव वाचवेलच असं गृहीत धरू नका, एवढं तरी त्यातून घ्यावंच लागेल. उद्या कुणी या दुसऱ्या अभ्यासाचा दाखला देऊन ‘मग सी-पॅप नकोच’ म्हणेल. मी उलट म्हणते: सी-पॅप हवाच, आणि त्याच्याजवळ त्याला ओळखणारं माणूसही हवं.

चौथी तक्रार आमच्याच क्षेत्रातल्या उत्साही मंडळींबद्दल आहे, म्हणजे मी फक्त वरच्यांना बोल लावते असं होणार नाही. काही ठिकाणी आता ‘आम्ही नळी घालतच नाही’ याचा अभिमान झाला आहे. २००८ च्या त्याच चाचणीत सी-पॅपवर सुरुवात केलेल्या बाळांपैकी ४६ टक्क्यांना पहिल्या पाच दिवसांत नळी लागलीच. सी-पॅपवर असूनही ऑक्सिजनची गरज ३० टक्क्यांच्या वर जाऊ लागली, तर सर्फॅक्टंट द्यायला उशीर करू नये असं युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आता तो बारीक नळीतून, बाळाला सी-पॅपवरच ठेवून देता येतो. बाळाचा श्वास चालू राहावा म्हणून द्यायचं कॅफीनही तसंच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ५०० ते १२५० ग्रॅमच्या बाळांत कॅफीनमुळे जुनाट फुप्फुसविकार ४७ वरून ३६ टक्क्यांवर आला. साधं औषध आहे, आणि तेही साठ्यात नसल्याचे दिवस मी पाहिले आहेत. सी-पॅप लवकर लावायचा तो पुढची पायरी वेळेत ओळखता यावी म्हणूनही. हट्टाने तिथेच थांबायचं नाही.

बाळाच्या जन्माआधीचाही एक मुद्दा आहे, थोडक्यात मांडते. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की अकाली प्रसूती होऊ घातलेल्या आईला आधीच स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाचं फुप्फुस लवकर तयार होतं. प्रसूतिविभाग आणि नवजात विभाग यांनी एकमेकांशी वेळेवर बोलावं, एवढ्यावर ते अवलंबून आहे. आमच्याकडे बहुतेक वेळा आम्हाला कळतं ते बाळ दारात आल्यावर.

आणि आई. दीड किलोच्या आतल्या बाळाची आई काचेबाहेर उभी ठेवायची, ही पद्धत कशासाठी चालू आहे हे मला कोणी सांगितलेलं नाही. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच आईच्या उराशी ठेवलं. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. सी-पॅप लावलेलं बाळही आईच्या छातीवर राहू शकतं. नळ्या नीट बांधल्या की झालं. शिवाय बुडबुडे थांबले तर सगळ्यांत आधी आईच हाक मारते, हा माझा अनुभव.

आता मागण्या. जास्त नाहीत.

एक्स-रे आणि सहीची अट मागे घ्या. त्याऐवजी डॉक्टरांनी एकदाच लिहून दिलेला कायमचा आदेश ठेवा: ३२ आठवड्यांच्या आतलं किंवा १५०० ग्रॅमच्या आतलं बाळ स्वतः श्वास घेत असेल आणि कण्हत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर प्रशिक्षित सिस्टरने जागच्या जागी सी-पॅप सुरू करावा आणि त्याच वेळी डॉक्टरांना बोलवावं. ‘निर्णय नर्सच्या हातात कसा द्यायचा?’ असं विचारलं जातं. निर्णय डॉक्टरांचाच असतो, फक्त तो आधी घेतलेला असतो. त्यात जी लक्षणं आणि जे आकडे लिहिले असतील, त्यांच्या पलीकडे आम्ही जाणार नाही.

प्रत्येक लेबर रूममध्ये आणि सिझेरियनच्या टेबलाशेजारी टी-पीस, ब्लेंडर, बाळाच्या मापाचे मास्क, पल्स ऑक्सिमीटर आणि बाळाला गुंडाळायची प्लॅस्टिकची पिशवी असावी. बाळ दाबासह वर यावं; जिना, लिफ्ट आणि रुग्णवाहिका यांतही दाब सुटू नये.

नवजात विभागातल्या सिस्टरना सरसकट रोटेशनमधून वगळा. नवीन मुलींना अनुभवी सिस्टरच्या हाताखाली पुरेसा काळ ठेवा आणि प्रत्येक शिफ्टमध्ये सी-पॅप येणाऱ्या किमान दोन जणी असतील असं वेळापत्रक करा, म्हणजे एक जेवायला किंवा लेबर रूममध्ये गेली तरी दुसरी बाळांपाशी असेल.

यंत्रासोबत प्रॉंग्जची सगळी मापं, टोप्या, नाकावर लावायचं संरक्षक पॅड आणि ह्युमिडिफायरचे सुटे भाग यांची वर्षभराची मागणी एकाच वेळी मंजूर करा. वापरलेली चुकीच्या मापाची प्रॉंग पुन्हा धुऊन वापरायची वेळ आमच्यावर आणू नका.

जन्मानंतर किती मिनिटांनी सी-पॅप सुरू झाला, विभागात आल्यावर बाळाचं तापमान किती होतं, किती बाळांच्या नाकाला जखम झाली आणि किती बाळांना पुढे नळी लागली, या चार गोष्टींची दर महिन्याला नोंद व्हावी आणि ती विभागाच्या भिंतीवर लागावी. आमचं काम वाईट निघालं तर तेही त्या भिंतीवर दिसेल. आम्हाला चालेल.

आईला विभागात चोवीस तास प्रवेश आणि बसायला खुर्ची द्या.

या पत्राला मला वैयक्तिक उत्तर नको. रोटेशनची पुढची यादी निघेल तेव्हा तीत नवजात विभागाची नावं नसली आणि लेबर रूमच्या खरेदीत टी-पीस व ब्लेंडर एकाच ओळीत आले, तर उत्तर पोहोचलं असं मी समजेन. तोवर आदेश पाळायचा म्हणून एक्स-रेची वाट पाहताना मी प्रत्येक बाळामागे जन्माची वेळ आणि सी-पॅप लागल्याची वेळ शेजारी-शेजारी लिहीत राहीन. ते रजिस्टर विभागातच असतं. कधीही येऊन पाहावं.

आपली,
नवजात अतिदक्षता विभागातील एक परिचारिका